कोपरा फाडलेलं कार्ड

शनिवारी सकाळी साडेनऊला शंभूचा फोन आला तेव्हा मी या महिन्याचा खोका उघडत होते. शंभू माझा धाकटा भाऊ. इब्रामपूरला घरी असतो, काजूचं आणि माडांचं बघतो, आणि फोन म्हणजे पैसे जाळणं अशी त्याची अजूनही समजूत असल्यामुळे कशी आहेस, काय चाललंय असलं काही करत बसत नाही. "आसंस तशी भायर सर," तो म्हणाला, "आनी हंय येऊन तू जिती आसंस म्हूण आतेक दाखय." जिवंत आहे हे दाखवायला यायचं, याचं मला आधी हसूच आलं. मग त्यानं सांगितलं. काल दुपारी धाकू पोस्टमन मी पाठवलेलं कार्ड देऊन गेला. आते, आमची आत्या, घरात एकटीच होती. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, म्हणून तिनं पाकीट उघडून कार्डावरून बोटं फिरवली, वरचा कोपरा फाडलेला बोटांना लागला, आणि वाटेला लागलेल्या धाकूला तिनं हाक मारून एवढंच विचारलं, की कागद कुठून आला. धाकू म्हणाला, वास्कोहून. वास्कोला आमचं रक्ताचं माणूस एकच, मी. आतेनं कार्ड घरात नेलं नाही. विहिरीवर जाऊन तिनं डोक्यावरून थंड पाणी ओतून घेतलं आणि तशीच ओल्या केसांनी सोप्यावर येऊन बसली. ती अजून तिथंच आहे. काल दुपारपासून पोटात अन्न नाही, साखरेची गोळी नाही. शंभूनं संध्याकाळी येऊन तिला कार्ड वाचून दाखवलं. आत मी एवढंच लिहिलं होतं, 'आते, कशी आहेस?' आणि खाली 'शेवंती'. ती म्हणाली, मला फसवू नका. त्यानं फोन जोडून देतो म्हटलं, तर फोनवर कोणीही बोलतं म्हणून तिनं हात झाडला. तिला ऐकूही कमीच येतं. रात्र गेली की डोकं ताळ्यावर येईल असं शंभूला वाटलं होतं, ते आलं नाही. तिचं वय एकोणऐंशी.

माझ्या हातात चिकटपट्टी कापायची सुरी होती, ती तशीच राहिली. गुरुदास, माझा नवरा, आंघोळीहून आला तेव्हा मी अजून टेबलाशीच उभी. त्याला सांगितलं तर तोही आधी हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं काहीतरी तो म्हणाला. बंदरात तीस वर्षं क्रेनच्या खाली काढलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीला एक वजन आणि एक दोरखंड लागतो, त्यामुळे त्यानं लगेच बस किती वाजता, गोळ्या कोणत्या, डॉक्टरला फोन कोण करणार, असं सुरू केलं. मी साडी बदलली, पर्स घेतली. टेबलावरचा खोका अर्धा उघडाच होता. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो बंगळुरूहून येतो. आत दहा कार्डांचं सामान असतं: दुमडलेले जाड कागद, नक्षीचे पातळ कागद, रबरी शिक्का, फिती, दोऱ्या, कसं करायचं त्याचं रंगीत पत्रक. तो खोका उघडताना नव्या पुस्तकाचा येतो तसा वास येतो. इतर कोणत्याही शनिवारी मी त्या वासावर अर्धा तास काढला असता. त्या दिवशी मी झाकण लावलं आणि वर गुरुदासाचा चष्मा ठेवला, का ते देव जाणे.

पणजीची गाडी कुठ्ठाळीला पुलाच्या अलीकडे अडकली. खिडकीतून खाली जुवारीचं गढूळ पाणी दिसत होतं आणि मी स्वतःलाच विचारत होते, की शेवंती, तू पेडणे तालुक्यातली ना? तुला हे कळू नये? मी आठ वर्षांची असेन. बेळगावचे काका गेल्याचं पत्र आलं होतं. पोस्टकार्ड, वर श्री नाही, एक कोपरा फाडलेला. आते त्या दिवशी पोस्टमनला फाटकातच भेटली. तिनं ते उभ्यानं वाचलं, घरात न आणता फणसाखाली उभं राहून त्याचे तुकडे केले, आणि मला नि शंभूला विहिरीवर नेऊन आमच्या डोक्यांवर घागर ओतली. मला थंडी वाजली म्हणून मी रडले, काकांसाठी नाही. मग तिनं सांगितलं, की माणूस गेल्याचा कागद कोपरा फाडून येतो, म्हणजे वाचण्याआधीच हाताला कळतं. तो घरात न्यायचा नाही, ठेवायचा नाही, वाचला की फाडायचा. आणि चांगल्या पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात. बोलणं आमचं कोंकणी, पण पत्र लिहायचं मराठीत आणि वर श्री घालायचा, हे आमच्याकडे न शिकवता येत असे. हे सगळं मला माहीत होतं. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मेल्याची बातमी फोनवरच आली, लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, आणि पत्रं संपली तशा त्यांच्या रीतीही संपल्या असं मी धरून चालले. त्या मला विसरल्या नव्हत्या. आतेला तर नव्हत्याच.

कोपरा फाडायला मला पत्रकानं सांगितलं होतं. ते मागच्या महिन्याचं पत्रक. विषय होता 'जुन्या आठवणी'. कार्ड जुनाट दिसावं म्हणून उजवीकडचा वरचा कोपरा कात्रीनं न कापता हातानं फाडायचा, म्हणजे कागदाचे पांढरे तंतू बाहेर येतात, आणि मग त्या कडेवर स्पंजानं तपकिरी शाई टिपायची. मी पत्रकाचं ऐकते. शिपिंग एजंटच्या ऑफिसात बावीस वर्षं मी छापील कागदांचंच ऐकत आले आहे. कोपरा मी दोनदा फाडला. पहिल्यांदा तो फार सरळ फाटला आणि मला पसंत पडला नाही.

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेचं मोल साडेआठशे रुपये होतं, महिन्याच्या महिन्याला. साईश, आमचा मुलगा, शिकायला पुण्याला गेला आणि घरात संध्याकाळ फार लांबायला लागली, तेव्हा हे सुरू झालं. गुरुदासानं विचारलं होतं, परवडेल का. मी त्याला वहीत 'छंद' असा रकाना पाडून दाखवला. महिन्याला हजार, त्यावर एक रुपया नाही. साडेआठशे खोक्याचे, दीडशे डिंक-फितींचे. चतुर्थीच्या महिन्यात आणि साईशच्या फीच्या महिन्यात खोका बंद ठेवायचा, तशी सोय असते. आधीचा खोका संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही. कापल्यावर उरलेल्या चिंध्यांचीही मी चिमुकली कार्डं करते. पाच वर्षांत हजाराचे कधी एक हजार एक झाले नाहीत, आणि ऑफिसातल्या बायका साड्यांच्या हप्त्यांबद्दल बोलायला लागल्या की मला जो गर्व होतो तो मी चहा पिऊन झाकते. अंथरूण पाहून पाय पसरण्यात एक सुख आहे, ते श्रीमंतांना कळायचं नाही. पण त्यात एक गोम होती. मी कार्डं पाठवत नसे. पाचशेच्या वर कार्डं, वाढदिवसाची, लग्नाची, लवकर बरे व्हा, सहजच, अशी निरनिराळी, कपाटावरच्या सुटकेसमध्ये रांगेनं उभी होती. गुरुदास म्हणायचा, दुकान घाल. मी म्हणायची, टपालाचा खर्च माझ्या हजारात बसत नाही. पाच रुपयांचं तिकीट. हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं की मलाही ते पटलं होतं. खरं म्हणजे कार्ड पाठवायचं तर ते कोणाला तरी पाठवावं लागतं, आणि ज्या एका माणसाला पाठवावंसं वाटे तिच्याशी मी चार वर्षं बोलत नव्हते.

पणजीला गाडी बदलली. म्हापशाच्या गाडीत शेजारी पिशवीत उंडे घेतलेली एक बाई बसली. पावाच्या वासानं मला भूक लागली, आणि भूक लागली याची लाज वाटली. आते तिकडे उपाशी होती. तिची साखर खाली गेली तर ती बसल्या जागी कलंडेल, आणि मग खोट्या कागदाचा खरा कागद होईल. मी शंभूला फोन केला. तो म्हणाला, बसलेली आहे, हाक मारली तर मान हलवते. मी म्हटलं, तोंडात साखर घाल. तो म्हणाला, घातली, तिनं थुंकून टाकली. सुतकात गोड खाऊ नये म्हणे. माझ्याच सुतकात. फोन ठेवल्यावर मी माझ्या मनगटाकडे बघत राहिले, बांगड्यांकडे, घामानं चिकटलेल्या तिकिटाकडे. कुठंतरी माझ्यासाठी एक माणूस ओलं होऊन बसलं आहे आणि मी इथं सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालते आहे, याचं मला विलक्षण वाटलं. भीती वाटली, आणि खोटं का बोला, भीतीच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. मी गेले तर आते उपाशी बसते, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं.

कारण तिचं शेवटचं वाक्य वेगळं होतं. चार वर्षांपूर्वी, श्रावणात, तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला वास्कोला आणलं होतं. आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि शंभू दीडचा. आते तेव्हा बत्तीस वर्षांची, लग्न मोडून माहेरी आलेली. तिनं आम्हांला वाढवलं, त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीही नाही. चतुर्थी आली की ती मखर करायची. पतंगी कागद, पिठाची खळ आणि एक बोथट कात्री, एवढ्यावर. कागदाच्या सात-आठ घड्या घालून ती कात्री न उचलता कापत जाई, आणि घडी उलगडली की हातभर झालर पडे, माशांच्या खवल्यांसारखी एकसारखी. गोवा राज्य झालं त्या वर्षी मी सहावीत होते. शाळेच्या मंडपाला लागलेली सगळी झालर तिच्या हातची होती आणि मास्तरांनी व्यासपीठावरून पद्माबाईंचे, म्हणजे आतेचे, आभार मानले होते. मी कागदाला हात लावायला तिच्याकडूनच शिकले. हेही मी विसरले होते, किंवा मला वाटत होतं की ही हौस मी बंगळुरूहून मागवली आहे.

तर वास्कोला तिला काही करायला नव्हतं. तिसरा मजला, खाली अंगण नाही, डोळ्यावर हिरवी पट्टी. आमचा दीड दिवसाचा गणपती चार दिवसांवर आला होता. मी ऑफिसातून आले तेव्हा दारापासून देवाच्या टेबलापर्यंत झालर लागलेली होती. मोरपंखी, सोनेरी, कांद्याच्या सालीच्या रंगाची. ती खुर्चीवर बसून दाराकडे तोंड करून माझी वाट बघत होती, एका डोळ्यानं. मी टेबल बघितलं. खोका रिकामा होता. आदल्या महिन्यात आलेले सगळे कागद, एकही कार्ड न झालेले. मी काय म्हटलं ते मला शब्दशः आठवतं, कारण ते फार थोडं होतं. मी म्हटलं, "आते, साडेआठशे रुपयांचे कागद होते ते." तिनं बोटांनी कात्री चाचपली आणि बाजूला ठेवली. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला वहीतला तो रकाना दिसत होता, आणि मी तिला दर कागदामागे किती पडतात तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभू तिला न्यायला आला. बोलावलं तिनंच, शेजारच्या फोनवरून. दारात चपला घालताना ती म्हणाली, "तुज्या घरांत कागदाक मोल आसा, माणसाक ना. माका तू मेलंस." गुरुदास जिन्यापर्यंत गेला. मी गेले नाही. मला राग आला होता, आणि राग उतरेपर्यंत शरम आली होती, आणि शरमेला फोन करता येत नाही. शंभूच्या फोनवरून मी तिची खबर घेत राहिले. चतुर्थीला तो मला बोलवायचा, मी काहीतरी कारण सांगायची.

झालर मी त्या वर्षी काढली ती टाकली नाही. साडेआठशेची होती, टाकणार कशी. सुटकेसच्या तळाला ठेवली आणि वर कार्डं रचत गेले. गेल्या महिन्यात सुटकेस भरली म्हणून मी सगळं बाहेर काढलं आणि ती हाताला लागली. उलगडून पलंगावर पसरली. मी पाच वर्षं महागडी कात्री वापरते, खाली मोजमापाच्या रेघा असलेली पाटी असते, तरी माझं एक कापणं दुसऱ्यासारखं येत नाही. तिनं हे एका डोळ्यावर पट्टी असताना, नुसतं बोटांच्या अंदाजानं केलं होतं. सगळी झालर पलंगभर पसरून मी तिच्या कडेला बसले आणि मला रडू आलं. त्याच संध्याकाळी मी ते कार्ड केलं, मागच्या खोक्यातलं शेवटचं. आत बरंच काही लिहायचं होतं. चार ओळींचा कच्चा मसुदा वहीत केला आणि खोडला. शेवटी कशी आहेस एवढंच उरलं. श्री घालायचं सुचलं नाही, कार्डावर कुठं श्री घालतात? पोस्टात जाऊन पाच रुपयांचं तिकीट लावलं आणि 'छंद' या रकान्यात लिहिलं. त्या महिन्याचे नऊशे पंच्याण्णव झाले होते, म्हणजे बरोब्बर हजार. ते बघून मला शुभशकुन वाटला होता.

इब्रामपूरच्या गाडीत सगळी ओळखीची माणसं होती आणि कोणी मला विचारलं नाही, म्हणजे बातमी गावात पसरली नव्हती. आतेनं कोणाला सांगितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या दुःखाला तिनं शेजारीण बोलावली नव्हती, एकटीच बसली होती. सगळ्या वाटेत मी तिला काय म्हणायचं ते जुळवत होते. माफ कर म्हणायचं, की काहीच न म्हणता पायांशी बसायचं. खड्ड्यात गाडी आपटली की जुळवलेलं पुन्हा सांडे. उतरले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. उन्हात मातीची वाट पांढरी झाली होती, आणि फाटकाशी फणस होता तसाच.

ती सोप्यावर भिंतीला टेकून बसली होती. केस मोकळे, आता वाळून राठ झालेले. किती लहान झाली होती. शंभू खांबापाशी पेजेचं ताट घेऊन उभा होता, बहुतेक सकाळपासून तसाच. मी पायरीवर चढून आते म्हटलं. तिनं मान वळवली नाही. शंभूनं तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, की बघ, आली. तेव्हा तिनं उजवा हात पुढे केला, मी तिच्यासमोर बसले, आणि ती माझ्या तोंडावरून बोटं फिरवायला लागली. कपाळ, नाक, हनुवटी. बोटं घाई करत नव्हती. मग ती डाव्या कानाकडे आली. लहानपणी माझ्या कानातली रिंग वासरानं ओढली आणि पाळी खालून फाटली, ती तशीच दुभंगलेली राहिली आहे, मी केसांनी झाकते. त्या फाटलेल्या कडेवर तिची बोटं थांबली. एकदा इकडून, एकदा तिकडून. कितीतरी वेळ. मी जुळवून आणलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"खालावलंस गो," ती म्हणाली.

मग शंभूला उद्देशून, पण माझा कान न सोडता, म्हणाली की आंघोळीचं पाणी तापव, बसल्या सुतकाचं न्हाल्याशिवाय पेज तोंडात जायची नाही. शंभू म्हणाला, अगो, सुतकच नाय तर न्हाण कसलं. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. पाणी मीच तापवलं. न्हाणीत चूल अजून तीच आहे, फुंकणीही तीच. साखर घातलेलं पाणी मी आधी दोन घोट पाजलं, ते मात्र तिनं घेतलं, औषध म्हणून. तिला पाटावर बसवलं. तिच्या पाठीची हाडं मोजता आली असती. मी पहिला तांब्या तिच्या डोक्यावर ओतला, माझ्याच सुतकाचा. तिनं डोळे मिटून घेतले आणि खांदे सैल सोडले, जसे आम्ही लहानपणी तिच्या हाताखाली सोडत असू.

न्हाणीच्या दारातून बाहेरचा माटव, अंगणातला मांडव, दिसत होता. त्याच्या माडाच्या झावळ्यांच्या, चुडतांच्या, कुडाला, पावसाची झड लागणार नाही अशा जागी, माझं कार्ड खोवून ठेवलेलं होतं. पाकिटासकट. कालपासून ते तिथं होतं आणि त्याला फाटलेल्या कोपऱ्याखेरीज दुसरी चीर नव्हती. मला बेळगावचं पोस्टकार्ड आठवलं, फणसाखालचे तुकडे आठवले. मी वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, की आते, असा कागद ठेवायचा नसतो, वाचला की फाडायचा, तूच सांगितलंस ना? मग हा का नाही फाडलास?

तिनं तोंडावरचं पाणी हातानं पुसलं.

"कितले रुपयांचो आसा कोण जाणा," ती म्हणाली. "मागीर तू रागार जातलंस."

हंड्यातलं पाणी जरा जास्तच ऊन झालं होतं. त्यात थोडं थंड पाणी घातलं, हात बुडवून बघितलं, आणि दुसरा तांब्या भरला.